दीड वाजता गच्चीवर कोण येतं?

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून सिमेंटचा एक कट्टा आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये पापड वाळत घालायला वर गेले, तर कट्ट्यावर बोटभर जाडीची काळपट विष्ठा पडलेली, आणि तिच्यात अख्ख्या, गुळगुळीत बिया. धुऊन टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेच. मांजराची म्हणावी तर मांजर कुठे एवढी फळं खातं? वटवाघळाची म्हणावी तर वटवाघूळ एवढी बी गिळत नाही. शेवटी रात्रपाळीच्या वॉचमनमामांना विचारलं. ते संगमेश्वरकडचे. वर येऊन त्यांनी नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, उदमांजर आहे. रात्री दीडच्या सुमाराला पावसाच्या पाइपावरून चढतं, चारच्या आत उतरतं."

"कधीपासून?"

"मी इथे लागलो तेव्हापासून. सहा वर्षं तरी झाली."

आमच्या सोसायटीत ८४ घरं आहेत आणि १६ सीसीटीव्ही कॅमेरे. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळे बिबट्याच्या गोष्टी आम्ही चवीने सांगतो. पण एक रानटी प्राणी सहा वर्षं रोज आमच्या डोक्यावर ये-जा करतोय, याचा पत्ता मामांखेरीज कुणालाही नव्हता. हे कसं शक्य आहे, या प्रश्नाने मला तेव्हापासून धरून ठेवलंय. जे वाचलं, पाहिलं, विचारून घेतलं, ते इथे सांगते.

आधी त्या पाहुण्याबद्दल. नावात मांजर असलं तरी उदमांजर मांजराच्या कुळातलं नाही. त्याचं कुळ वेगळं, जवादी मांजराचं. वजन दोन ते पाच किलो. अंग करडं-काळं, पाठीवर गडद पट्टे, तोंडावर काळा मुखवटा, आणि शेपूट जवळपास शरीराएवढी लांब. कुणी त्याला कांडेचोर म्हणतं. ते जवळपास असलं की बासमती भात शिजल्यासारखा वास येतो, असं सांगणारे बरेच भेटतात. आमच्या जिन्यातही अधूनमधून असा वास यायचा. तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातून येतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

उदमांजर उंदीर, किडे, अंडी असं सगळं खातं, पण त्याचा खरा जीव फळांवर. चिकू, आंबा, जांभूळ, उंबर, आणि सोसायट्यांमध्ये शोभेसाठी लावतात त्या फिशटेल पामची फळं. हा पाम म्हणजे आपला कोकणातला भेरली माड. त्याच्या फळाचा रस अंगाला लागला तर माणसाला खाज सुटते, उदमांजराला मात्र तो मेवा. गर पचतो, बी न पचता बाहेर पडते. आणि विष्ठा टाकायला त्याला एखादी ठरलेली, उंच, मोकळी जागा आवडते. म्हणून आमचा कट्टा. आमच्या आवारात असे सात पाम आहेत, ते बिल्डरने लावलेले. थोडक्यात, उदमांजरासाठी पंगत आम्हीच मांडली होती.

आता मूळ प्रश्न. ते दिसत का नाही?

यातला मोठा भाग वेळेचा आहे. आपण दिवसपाळीचे, ते रात्रपाळीचं. उदमांजर मुळातच निशाचर, पण जे प्राणी एरवी दिवसाही फिरतात तेसुद्धा माणसाच्या आसपास राहायला लागले की रात्रीकडे सरकतात. जगभरातल्या ७६ अभ्यासांतली ६२ सस्तन प्राण्यांची माहिती एकत्र करून हे तपासलं गेलं आणि २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष साध्या आकड्यात असा: जो प्राणी आपली निम्मी कामं रात्री करत होता, तो माणसाच्या शेजारी राहू लागल्यावर साधारण ६८ टक्के कामं रात्री करतो. जागा सोडता आली नाही, तर तो वेळ सोडतो. एकाच खोलीत दोन पाळ्यांचे गिरणी कामगार आळीपाळीने झोपायचे, त्या जुन्या मुंबईसारखंच हे आहे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची, आणि दोघांची गाठ क्वचितच पडायची.

रात्र त्यांना जमते, कारण त्यांचे डोळे तसे घडलेले आहेत. डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड पडद्यावरून एकदा जातो, थरावर आपटून पुन्हा त्याच पडद्यावरून परततो, म्हणजे तेवढ्याच उजेडाचा दोनदा उपयोग होतो. टॉर्च मारल्यावर चमकतात ते डोळे याच थरामुळे. आपल्या डोळ्यांत हा थर नाही.

दुसरा भाग वाटांचा. आपल्या नकाशात रस्ते असतात, त्यांच्या नकाशात पाइप, केबल, कंपाउंडच्या भिंतीचा माथा, नाला, खारफुटीची कड. शहर आपण आडवं वापरतो, उदमांजर उभं वापरतं.

आणि तिसरा भाग आपल्या नजरेचा. नवी मुंबईच्या खाडीकडेला संध्याकाळी फिरणाऱ्या कितीतरी लोकांनी कोल्हा पाहिलेला असतो, फक्त तो कोल्हा होता हे त्यांना माहीत नसतं. चारकोपपासून विक्रोळी, ट्रॉम्बे, ऐरोली, खारघरपर्यंत खारफुटीच्या आडोशाने सोनेरी कोल्हे राहतात. खेकडे, मासे, उंदीर, मेलेली जनावरं आणि आपला कचरा, हा त्यांचा आहार. लांबून ते मळकट तपकिरी कुत्र्यासारखे दिसतात. ओळखायचं असेल तर शेपूट बघा. गावठी कुत्र्याची शेपूट बहुधा वर वळलेली असते. कोल्ह्याची झुपकेदार, टोकाला काळसर आणि खाली सोडलेली. पाय सडपातळ, चाल दुडकी, आणि तो थांबून तुमच्याकडे बघत राहत नाही. (शाळेच्या पुस्तकांनी आपला एक घोळ करून ठेवलाय. इंग्रजी गोष्टींतला 'फॉक्स' आपण कोल्हा म्हणून वाचला. मराठीत त्या प्राण्याला खोकड म्हणतात. कोल्हा वेगळा. कोल्हेकुई करतो तो हा.)

शेजार म्हटला की धोका आलाच, तो लपवून चालणार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात चेंबूर-ट्रॉम्बे भागात कोल्हे चावल्याच्या घटना घडल्या आणि त्यांत रेबीजही आढळला. भटक्या कुत्र्यांचा आणि कोल्ह्यांचा उकिरडा एकच असेल तर रोगही इकडून तिकडे जाणारच. कोल्हा असो, कुत्रा असो, चावला की जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची.

बिबट्याकडे मुद्दाम उशिरा वळते आहे, कारण त्याचं नाव निघालं की बाकी सगळे प्राणी विसरायला होतात. पण 'न दिसता राहणं' म्हणजे काय, हे त्याच्याइतकं दुसरा कुणी दाखवत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. त्याला मुंबई आणि ठाणे लगडलेलं. उद्यान आणि लगतच्या भागात २०१८ च्या गणनेत ४७ बिबटे सापडले. जगात इतक्या दाटीने बिबटे राहतात अशा जागा मोजक्याच.

जो प्राणी दिसत नाही तो मोजतात कसा? बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे ठसे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, प्रत्येकाचे वेगळे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षीही एकसारखी नसते. ऊब असलेलं काही समोरून हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. आता गणित. समजा, तुम्हाला तुमच्या भागातली कुत्री मोजायची आहेत. पहिल्या फेरीत २० कुत्र्यांचे फोटो काढलेत. आठवड्याने पुन्हा फेरी मारली, पुन्हा २० दिसली, त्यांत १० आधीचीच निघाली. याचा अर्थ पहिल्या फेरीत एकूण कुत्र्यांपैकी साधारण निम्मी तुमच्या हाती लागली होती. म्हणजे एकूण कुत्री असावीत ४० च्या आसपास. खऱ्या अभ्यासात हिशेब याहून बारीक असतो, पण पाया हाच.

एवढे बिबटे खातात काय? उद्यानात चितळ, सांबर, रानडुक्कर आहेत. बाहेर कुत्री आहेत. कचराकुंडी ओसंडली की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २०१८ च्या एका शोधनिबंधाचा अंदाज आहे की उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे माणसांना कुत्री चावण्याचे हजारभर प्रसंग टळत असावेत. अंदाजच तो, पण गल्लीतल्या कचऱ्याचं नातं बिबट्याशी कसं जुळतं ते त्यातून स्वच्छ दिसतं.

आणि हे जंगलाला लागून असलेल्या शहरापुरतंच नाही. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मोठं जंगल नसलेल्या, चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहणाऱ्या शेतीच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि साधारण तेवढेच तरस निघाले. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उसात राहायचं, रात्री निघायचं, उजाडायच्या आत परतायचं, असा त्यांचा क्रम.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. माझ्या मते या विषयात एवढं एकच कळलं तरी पुष्कळ आहे. प्राणी दिसला की आपली पहिली मागणी असते, 'पकडा आणि लांब जंगलात सोडा.' ऐकायला किती रास्त वाटतं! प्राणीही वाचला, आपणही सुटलो. प्रत्यक्षात काय होतं ते जुन्नरने दाखवलंय. तिथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. २००१ पासून बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर सोडायला सुरुवात झाली. पुढच्या काळात हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले. जिथे नेऊन सोडले, तिथेही हल्ले वाढले. मुंबईच्या उद्यानाभोवती २००४ साली जे भयंकर हल्ले झाले, त्याआधीही बाहेरचे बिबटे तिथे आणून सोडलेले होते.

असं का व्हावं? आमच्या उदमांजराचंच उदाहरण घेऊ. कुठला पाइप पक्का आहे, कुत्र्याला किती वाजता जेवण मिळतं आणि तो कधी पेंगतो, कोणत्या मजल्यावर दिवा जळतो, हे सगळं त्याला ठाऊक आहे. न दिसता राहणं ही त्याने वर्षानुवर्षं कमावलेली विद्या आहे, आणि ती फक्त याच जागेपुरती आहे. बिबट्याची मादी पिल्लांना वर्ष-दीड वर्ष सोबत घेऊन हेच शिकवते. असा जाणता प्राणी पिंजऱ्यात घालून अनोळखी रानात सोडला, की रात्री दोन वाजता कुणा परक्या स्टेशनावर उतरवलेल्या माणसासारखी त्याची गत होते. त्या रानात आधीच दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दी असतात. ते हुसकावतात. तो भेदरलेला, भुकेला, घराची वाट शोधत वस्त्यांमधून निघतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही. हद्द शोधत फिरणारा एखादा तरणा बिबट्या ती पटकावतो, आणि त्याला आपल्या वेळा माहीत नसतात, वाटाही नाही. आपण समजूतदार शेजारी घालवून अजाण शेजारी बोलावलेला असतो.

असा दूर नेऊन सोडलेला बिबट्या किती लांब जाऊ शकतो ते २००९ मध्ये एका प्रौढ नर बिबट्याने दाखवलं. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' म्हटलं. आजोबाने सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईचं उद्यान गाठलं. वाटेत कसाऱ्याचं रेल्वे स्टेशन आलं, वसईची खाडी आली, हजारो माणसं झोपलेली गावं आली. त्याने एकाही माणसाला इजा केली नाही, आणि तो गेल्याचं त्या गावांना कळलंसुद्धा नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. कातडीखालच्या चिपवरून त्याची ओळख पटली. त्याच्या चालण्याचा नकाशा मी कितीदा पाहिला असेन, अजूनही पोटात कालवतं.

पण सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत सोळा महिन्यांची मुलगी बिबट्याने उचलली आणि ती वाचली नाही. आपण बाल्कनीतून बिबट्याचं कौतुक करतो, तेव्हा अंधारात शौचाला जाणाऱ्या, दिवा नसलेल्या वाटेने पाड्यावर परतणाऱ्या बाईच्या जिवावर ते कौतुक उभं असतं. पाड्यांवर दिवे आणि घरात संडास, हेच तिथलं खरं वन्यजीव संरक्षण. पुन्हा त्याच पाड्यांवरची वारली माणसं पिढ्यानपिढ्या वाघोबाला पुजतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. त्यांचा वाघोबा म्हणजे पट्टेरी वाघही आणि बिबट्याही. जनावर इथलंच आहे, त्याच्यासोबत राहायचे काही नियम आहेत, एवढं त्यांना कुणी नव्याने शिकवावं लागत नाही. वनखातं आणि नागरिक मिळून २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या उपक्रमातून जे सांगताहेत तेही वेगळं नाही: कचरा उघड्यावर नको, मुलांना अंधारात एकटं सोडू नका, रात्री बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चाला, आणि बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजऱ्याची मागणी करू नका.

दिसला की काय करायचं? याचं उत्तर पुण्याने दोन आठवड्यांत दोनदा दिलं. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या एका सोसायटीत सकाळी गवा शिरला. बातमी पसरली, गर्दी लोटली, मोबाइल निघाले, गवा जीव घेऊन गल्लीबोळांतून तासन् तास धावत राहिला. शेवटी त्याला पकडलं आणि तो मेला. गोळी लागली नव्हती, वाहन धडकलं नव्हतं. प्राणी जीवघेण्या भीतीत अतोनात पळतो तेव्हा त्याचे स्नायू अक्षरशः आतून फाटू लागतात, अंग तापतं, रक्तात आम्ल साचतं, फुटलेल्या स्नायूंतला गाळ मूत्रपिंडांत अडकतो आणि हृदय बंद पडतं. पुढे त्याच महिन्यात बावधनकडे दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दीला लांब ठेवलं, रानाकडची बाजू मोकळी सोडली आणि गवा आपल्या पायांनी परत गेला. जनावर तेच, शहर तेच, फरक फक्त माणसांच्या अंतराचा.

आमच्या उदमांजराकडे परत येते. एप्रिलमध्ये क्लबहाउसच्या छतातून चूं-चूं आवाज यायला लागले. फॉल्स सीलिंगचा एक तुकडा निखळला होता, त्यातून मादी आत शिरली होती आणि तिने पिल्लं घातली होती. बैठक बसली. कुणी म्हणालं पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, कुणी म्हणालं भोक आजच्या आज बुजवा. मादी बाहेर असताना भोक बुजवलं असतं तर पिल्लं आत उपाशी मेली असती, आणि मादीने छत उचकटून काढलं असतं ते वेगळंच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणं किंवा मारणं हा गुन्हा. मी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन लावला. सल्ला मिळाला तो एवढाच: थांबा, पिल्लं चालायला लागली की ती स्वतःच हलवेल. रिकामं झालं याची खात्री झाली की मग जाळी लावा.

थांबलो. क्लबहाउसचा कोपरा दोरी बांधून बंद केला, मुलांची कॅरमची स्पर्धा पार्किंगमध्ये घेतली. वॉचमनमामांनी भोकाखाली फरशीवर रोज रात्री गव्हाचं पीठ भुरभुरवलं, म्हणजे सकाळी पावलं मोजता यावीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे पिठात मोठ्या पावलांमागे तीन छोट्या पावलांच्या ओळी उमटल्या, सगळ्या दाराकडे जाणाऱ्या. पुढचे आठ दिवस पीठ जसंच्या तसं राहिलं. नवव्या दिवशी जाळी बसवली.

जुलैमध्ये गच्चीच्या कट्ट्यावर पुन्हा बिया दिसल्या, या वेळी जांभळाच्या. मी पापड आता टाकीच्या दुसऱ्या बाजूला घालते.